‘पडद्यावर येणें अशक्य’ : एक सोईस्कर समज

आंजर्ल्यास कड्यावरच्या गणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या माणसाला तेथील रहिवासी खडकावरचें एक पाऊल दाखवितात. मूळचें देऊळ खालीं समुद्रकांठीं होतें. पुढें दर्या चढूं लागला, तेव्हां देवानें आपलें बिऱ्हाड कड्यावर हलविलें, आणि वर चढतांना वाटेंत त्याचें एक पाऊल उमटलें, अशी ती कथा आहे. गेल्या मे महिन्यांत मुंबईहून आलेल्या पाहुण्यांसह आम्ही तेथें गेलों होतों. पाऊल दाखविणारे वृद्ध गृहस्थ आमच्या परिचयाचे. पाहुण्यांपैकीं एका तरुणानें त्यांना विचारलें, “आजोबा, हें खरंच गणपतीचं पाऊल आहे का हो?” आजोबा क्षणभर समुद्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “तें मी कसं सांगूं? पाऊल आहे, तें दाखवलं.”

त्याच रात्रीं जेवणानंतर ओटीवर वाद निघाला, तो मात्र पावलाविषयीं नव्हता, कै. चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या ‘कोंडुरा’ या १९६६ सालच्या कादंबरीविषयीं होता. ही कादंबरी आतां तरी मराठींत पडद्यावर यावी, असें त्या तरुणानें बोलून दाखविलें, आणि आमच्या एका विद्वान स्नेह्यांनीं त्याला तत्काळ गप्प केलें. हे स्नेही आमच्याप्रमाणेंच महाविद्यालयांत आयुष्य घालविलेले. ते म्हणाले, “कांहीं पुस्तकें वाचावयाचीं असतात, पाहावयाचीं नसतात. ‘कोंडुरा’ पडद्यावर येणें अशक्य!” सर्वांनीं माना डोलविल्या. खरें सांगावयाचें तर संवयीनें आमचीही मान हललीच. परंतु अंथरुणावर पडल्यावर, समुद्राची गाज ऐकतां ऐकतां, आमच्या ध्यानांत आलें कीं, हें वाक्य आम्ही गेलीं तीस वर्षें ऐकत आणि ऐकवीत आलों आहों, आणि त्याचा पुरावा मात्र कोणीं कधीं मागितला नाहीं. तो आज मागावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडणें न्यायाचें होईल. घरांत अवमान सोसून बाहेर पडलेला परशुरामतात्या, समुद्राच्या कडेचा तो गूढ कोंडुरा, तेथून लाभलेली गर्भ पाडणारी मुळी, तिच्यासंगतीं आलेली ब्रह्मचर्याची अट, पुढें देवीचा दृष्टान्त, देवळाचा ध्यास आणि अखेरचा अनर्थ, एवढी या कथेची बाह्य रूपरेषा. पण ‘कोंडुरा’ वाचणाऱ्याला ही रूपरेषा आठवत नाहीं. त्याला आठवतो तो एका माणसाच्या मनांत हळूहळू भरत जाणारा अंधार. हा अंधार शब्दांचा आहे, आणि शब्द वाचकाच्या मनांत उतरल्यावर ज्याचा तो आपापला कोंडुरा पाहतो. पडद्यावर मात्र सर्वांना एकच कोंडुरा पाहावा लागणार; त्याला दाढी असणार, आवाज असणार, आणि तें सोंग रंगविणाऱ्या नटाचें नांव श्रेयनामावलींत झळकणार! कादंबरींत जें गूढ तें पडद्यावर कागदाच्या लगद्याचें होतें, असा हा युक्तिवाद. तो पोकळ नाहीं. पण तो पुरेसाही नाहीं, हें आतां दाखवूं.

ज्यांना पडद्याची ही भीति वाटते त्यांनीं आपल्याच घरचा इतिहास विसरल्यासारखें केलें आहे. मराठी माणसाच्या हातून या देशांत चित्रपट जन्मला तोच मुळीं नवलाच्या पोटीं जन्मला. दादासाहेब फाळक्यांनीं १९१७ सालीं ‘लंकादहन’ आणि १९१९ सालीं ‘कालियामर्दन’ काढला, तेव्हां त्यांनीं लोकांना बाजारहाट आणि कोर्टकचेऱ्या दाखविल्या नाहींत. जें डोळ्यांनीं कोणींच पाहिलें नव्हतें तें दाखविलें. पुढें १९३६ सालीं प्रभातच्या दामले-फत्तेलाल यांनीं ‘संत तुकाराम’ काढला. त्यांत तुकोबा विमानांतून वैकुंठाला जातात, हें पडद्यावर सरळ दिसतें. त्या विमानाची कारागिरी आजच्या शाळकरी पोरालाही ओळखतां येईल. तरी चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला, आणि आजही तें दृश्य पाहतांना कोणी हंसत नाहीं. कां हंसत नाहीं? कारण त्या विमानाच्या आधीं आपण तासदीडतास जिजाईची चूल, तिचीं पोरें आणि तिचें कडकडून बोलणें पाहिलेलें असतें. तुकोबा जातात आणि जिजाई मागें राहते. विमानाचा खरेपणा विमानांत नाहीं. तो मागें राहिलेल्या बाईच्या चेहऱ्यांत आहे. नवल हें नेहमींच्या वस्तूंच्या आधारावर उभें राहतें, हा धडा आमच्या चित्रपटानें शंभर वर्षांमागेंच गिरवावयास घेतला होता. आम्हीच पाटी पुसून टाकली.

परदेशांतही हेंच दिसतें. काफ्का या जर्मन भाषेंत लिहिणाऱ्या लेखकाची ‘खटला’ ही कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १९२५ सालीं प्रसिद्ध झाली. कोणत्या गुन्ह्यासाठीं हें न सांगतां माणसाला पकडणारें न्यायालय ही त्या कादंबरीची कल्पना. पडद्यावर येण्यास याहून अवघड काय असणार? १९६२ सालीं ऑर्सन वेल्सनें ती पडद्यावर आणली, तेव्हां त्यानें त्या न्यायालयाचा बराचसा भाग पॅरिसमधील एका ओसाड पडलेल्या रेल्वे स्टेशनांत चित्रित केला. स्टेशन खरें, धूळ खरी, उंच छतें खरीं. तेथें न्यायालय भरलेलें पाहिलें कीं मन आपोआप चरकतें. स्वप्न दाखविण्यासाठीं स्वप्नाचा महाल उभारावा लागत नाहीं. ओळखीची जागा अनोळखी वेळीं दाखविली तरी पुरे होतें.

मग अडचण कोठेंच नाहीं काय? आहे, आणि ती आमच्या स्नेह्यांनीं सांगितली त्याहून निराळी आहे. मराठी भाषेंत ‘म्हणे’ या नांवाचा एक लहानसा शब्द आहे. ‘देव कड्यावर गेला म्हणे’ असें जेव्हां आंजर्ल्याचा माणूस सांगतो, तेव्हां तो त्या गोष्टीची शपथ घेत नाहीं आणि तिचा इन्कारही करीत नाहीं. तो ती गोष्ट जशी मिळाली तशी पुढें देतो आणि मधली जागा मोकळी ठेवतो. खानोलकरांची सारी कादंबरी या ‘म्हणे’च्या मोकळ्या जागेंत उभी आहे. कॅमेऱ्याजवळ मात्र हा शब्द नाहीं. कॅमेऱ्यापुढें जें आलें तें आलें, जें नाहीं तें नाहीं. खरी अडचण ही आहे. आणि पडद्यावर ‘म्हणे’ कसें म्हणावें हें ज्याला साधलें, त्याला ‘कोंडुरा’ साधली.

ही अडचण चुकविण्याच्या दोन वाटा आहेत व दोन्ही वाईट आहेत. पहिली वाट देखाव्याची : धूर, वीज, चमचमणारी देवी आणि संगणकाच्या साहाय्यानें उसळविलेला समुद्र. दुसरी वाट शहाणपणाची : अखेरीस एखादा डॉक्टर येतो आणि बिचाऱ्याच्या मेंदूंत बिघाड होता असें सांगून प्रेक्षकांना निर्धास्तपणें घरीं पाठवितो. पहिली वाट म्हणते देवी आली होती. दुसरी म्हणते आली नव्हती. दोघींनींही कथा मारली. कारण ‘कोंडुरा’चा प्रश्न देवी खरी कीं खोटी हा नव्हेच. आपली निवड वरून झाली आहे असें एकदां एखाद्या माणसाला वाटूं लागलें, म्हणजे त्याच्या हातून घरच्यादारच्या माणसांचें, विशेषतः बायकांचें, काय होतें, हा तो प्रश्न आहे. देवी खरी म्हणून दाखविली, तर त्या बायकांचें दुःख ही ईश्वरेच्छा ठरते. परशुरामतात्या वेडा म्हणून दाखविला, तर तो सुटतो. संशय कायम ठेवला तरच तो जबाबदार राहतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा गांवही जबाबदार राहतो. म्हणून हा संशय केवळ कलेचा नखरा नाहीं. तो या कथेचा नैतिक कणा आहे. महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तो योग्यच झाला. पण कायदा भोंदूला पकडूं शकतो; जो स्वतःवर मनापासून विश्वास ठेवतो त्याच्या मनांत काय चालतें, हें दाखविण्याचें काम कायद्याचें नाहीं. तें कथेचें आहे, आणि ज्या घरांत पुस्तक पोंचत नाहीं त्या घरांत तें पडद्याचें आहे.

आतां वाचक विचारतील, ‘कोंडुरा’ पडद्यावर आलीच होती ना? होय, आली होती. आणि आमच्या स्नेह्यांच्या ‘अशक्य’ला हें पहिलें उत्तर आहे. खानोलकर १९७६ सालीं वारले. १९७८ सालीं श्याम बेनेगल यांनीं या कादंबरीवरून हिंदींत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूंत ‘अनुग्रहम्’ असे जुळे चित्रपट काढले. पटकथेच्या कामीं गिरीश कार्नाड, कॅमेऱ्यामागें गोविंद निहलानी, संगीताला वनराज भाटिया. अनंत नाग परशुराम, अमरीश पुरी कोंडुरास्वामी, आणि त्यांच्यासंगतीं वाणीश्री व स्मिता पाटील. यांतलें एकही नांव सामान्य नाहीं. वेंगुर्ल्याच्या मुलखांतली ही कथा त्यांनीं आंध्रांतील एका खेड्यांत नेली.

हा चित्रपट वाईट आहे असें म्हणण्याचें पाप आम्ही करणार नाहीं. ‘अंकुर’ आणि ‘निशान्त’ यांपासून बेनेगल यांची दृष्टि जमीनदार, त्याचा वाडा आणि त्याच्या छायेंतलें गांव यांच्यावर खिळलेली होती. ती येथेंही तितकीच तीक्ष्ण आहे. गांवची सत्ता एखाद्याच्या साक्षात्काराचा उपयोग कसा करून घेते, हें तेथें उत्तम उमटलें आहे. पण आमच्या मतें दृष्टि जमिनीवर खिळली आणि समुद्र मागें हटला. वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा नांवाचें ठिकाण खरोखरीच आहे. खानोलकर त्याच मुलखांत, तेंडोलीच्या बागलांच्या राईंत जन्मले. दक्षिण कोंकणांतल्या माणसाला समुद्र दिसत नसतांनाही ऐकूं येतो. आषाढाच्या रात्रीं दारें लावून घेतलीं, दिवा मालवला, तरी ती गाज उशाशीं असते, आणि अर्धवट झोंपेंत ती कोणाची तरी हांक वाटूं लागते. परशुरामतात्याला जें ऐकूं आलें तें या गाजेंतून आलें. ही गाज वगळली कीं कोंडुरा हा एक साधु होतो. आणि साधूंचा या देशांत तुटवडा नाहीं.

तथापि आमची तक्रार बेनेगल यांच्याविरुद्ध नाहीं. हैदराबादेकडे वाढलेल्या, घरीं कोंकणी बोलणाऱ्या या दिग्दर्शकाला मराठी कादंबरी हातीं घ्यावीशी वाटली, आणि तेलुगु मुलखानें तिला आश्रय दिला, याबद्दल आपण त्यांचे आभारच मानले पाहिजेत. तक्रार आहे ती आमच्याविरुद्ध. मराठी कादंबरी, मराठी समुद्र, मराठी देव. आणि चित्रपट निघाला तो हिंदींत व तेलुगूंत! त्या वेळीं आम्ही काय करीत होतों? आम्ही हें पुस्तक किती दुर्बोध, किती गहन, याचीं व्याख्यानें देत होतों. खानोलकरांची ‘चानी’ व्ही. शांताराम यांनीं १९७७ सालीं मराठींत आणली हें खरें. पण चानीचें नवल डोळ्यांना दिसणारें होतें, तें तिच्या केसांच्या रंगांत होतें. ज्याचें नवल डोळ्यांना दिसत नाहीं, त्या पुस्तकाला आम्ही हात लावला नाहीं. आमच्या आंजर्ल्याला लागूनच असलेल्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे यांचा ‘गारंबीचा बापू’ १९८० सालीं पडद्यावर आला. तोही सरळ चालणाऱ्या माणसांचा, उघड्यावरच्या भांडणांचा होता म्हणून आला. पेंडशांचाच ‘तुंबाडचे खोत’ हा १९८७ सालचा द्विखंडी विस्तार मात्र आम्ही कपाटांतच ठेवला.

आणि त्या कपाटाबाहेर काय घडलें पाहा. २०१८ सालीं राही अनिल बर्वे या मराठी दिग्दर्शकानें ‘तुंबाड’ काढला. पेंडशांकडून त्यानें नांव घेतलें, कथा नव्हे. कथेचें बीज त्याला नारायण धारपांच्या भयकथेंत सांपडलें होतें. मंडळींनीं खोटा पाऊस पाडला नाहीं. खऱ्या पावसाळ्यांची वाट पाहत कांहीं वर्षें काम केलें. तो पाऊस, तो ओला वाडा आणि ती अंधारांतली म्हातारी पाहतांना कोंकण म्हणजे काय हें मुंबईच्या पोरांना अंगावर कांटा येऊन कळलें. २०२४ सालीं तो पुन्हां प्रदर्शित झाला, तेव्हां पहिल्या वेळेपेक्षांही अधिक गर्दी झाली. म्हणजे नवल पाहावयास प्रेक्षक नाहींत, ही सबबही गेली. पण हाही चित्रपट हिंदींतच! आमचा पाऊस, आमचा वाडा, आमचा खोत. भाषा तेवढी उसनी.

भाषेचा हा आग्रह कोणाला संकुचित वाटेल, तर त्यानें कोलंबिया देशाच्या गाब्रिएल गार्सिया मार्केस याचें उदाहरण पाहावें. त्याच्या ‘शंभर वर्षांचा एकांत’ या १९६७ सालच्या कादंबरींत माणसें सदेह आकाशांत जातात आणि कोणी त्याचें नवल करीत नाहीं. हयात असेपर्यंत त्यानें चित्रपटाला संमति दिली नाहीं. तो २०१४ सालीं वारला. पुढें त्याच्या मुलांनीं संमति दिली ती कथा स्पॅनिश भाषेंत आणि कोलंबियाच्या भूमीवर व्हावी या बोलीवर, आणि २०२४ च्या डिसेंबरांत नेटफ्लिक्सवर ती मालिका त्याच भाषेंत लोकांसमोर आली. नवल हें भाषेच्या अंगचें असतें. ‘देवी आली’ हें शब्द वेंगुर्ल्याच्या बोलींत एका म्हातारीनें चुलीपुढें बसून उच्चारले, तर ती बातमी असते; तेच शब्द छापील हिंदींत उच्चारले कीं संवाद होतो.

राहिला पैशाचा प्रश्न. निर्माते म्हणतील, मराठी चित्रपटाला एवढें परवडत नाहीं. पण परवडत नाहीं तें काय? धूर आणि वीज परवडत नाहींत, आणि त्यांची गरज नाहीं हेंच आम्ही आतांपर्यंत सांगत आलों. अंधार फुकट आहे. गाज फुकट आहे. अमोल पालेकर यांनीं १९९५ सालीं ‘बनगरवाडी’ केली. व्यंकटेश माडगूळकरांच्या त्या कादंबरींतही रूढ अर्थानें कथानक नाहीं, माणसें आणि माळ आहे, आणि तेवढ्यावर चित्रपट उभा राहिला. माणदेशचा माळ जें करूं शकला तें कोंकणचा समुद्र कां करणार नाहीं?

आणि आमच्या प्राध्यापकबंधूंना शेवटीं एक कडू गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ‘चित्रपट गूढ उकलून टाकतो, म्हणून तो नको’ असें आपण म्हणतों. मग परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेंत ‘या कादंबरींतील प्रतीकें स्पष्ट करा’ असा दहा गुणांचा प्रश्न कोण घालतें? ज्या पुस्तकानें वाचकाला संशयांत ठेवण्यासाठीं एवढा जीव पाखडला, त्याचा समुद्र म्हणजे अबोध मन, मुळी म्हणजे वासना, देवी म्हणजे अमुक, असा तक्ता फळ्यावर कोण मांडतें? तो तक्ता आम्हीं स्वतः मांडलेला आहे. म्हणून हें अधिकारानें लिहितों. गूढाचा वध पडद्यानें केव्हां तरी केला असेल. आम्ही तो दरसाल करीत आलों आहों.

ज्या कोणाला ‘कोंडुरा’ मराठींत करावयाची असेल त्याला आमचें सांगणें थोडक्यांत असें. कादंबरींतलीं अर्धीं पानें निर्धास्तपणें सोडून द्यावींत. खानोलकरांचीं वाक्यें निवेदकाच्या तोंडीं घालूं नयेत, तीं पुस्तकांत सुखरूप आहेत. पात्रांना त्यांची बोली द्यावी. कोंडुरा दाखविण्याआधीं तो ऐकवावा. आणि पाहिलेलें दाखविण्याआधीं पाहणारा दाखवावा. ज्या खोलींत समुद्र नाहीं त्या खोलींत, पोळ्या लाटणाऱ्या बायकोच्या पाठीमागें, ती गाज एकदां ऐकूं यावी आणि तिनें मान वर करूं नये. ती परशुरामतात्याला ऐकूं आली, आपल्याला ऐकूं आली. तिला आली कीं नाहीं हें कोणी सांगूं नये. पडद्यावर ‘म्हणे’ म्हणण्याची रीत हीच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पुन्हां कड्याकडे गेलों. वरून पाहिलें म्हणजे माडांचे शेंडे, खाडीचें मुख आणि दूर सुवर्णदुर्ग दिसतो. आणि खालीं कोठें तरी तें जुनें देऊळ होतें, म्हणे. देव वर आला तेव्हां त्यानें खालच्या देवळाचे दगड बरोबर आणले नाहींत. ते आणण्याचा हट्ट धरणारे भाविक आणि त्या दगडांची नक्कल करूं पाहणारे गवंडी, दोघेही त्या पाण्यांत बुडाले असते. तो आपण आला, आणि वाटेंत एक पाऊल ठेवून गेला. आमचे स्नेही त्या पावलापाशीं बराच वेळ उभे होते. “हें पडद्यावर कसं दाखवाल?” त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्ही आजोबांचें उत्तर त्यांना ऐकविलें : पाऊल आहे, तें दाखवावें.